पाळणा हलण्याआधी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या आजीबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. सुनेला सातवा महिना लागलेला. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहून झाले, बाळाचे ठोके ऐकून झाले. सर्व ठीक होते. शेवटी नेहमीप्रमाणे मी विचारले, "आजी, बाळाची काय काय तयारी झाली?"

आजींचा चेहरा एकदम उतरला. पदर तोंडाशी नेत त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तेवढं सोडून काय बी इचारा. तयारी केली न्हाई आन् करनार बी न्हाई. मागल्या खेपेला केली, तर पदरात काय पडलं?"

सून खाली मान घालून बसली होती. मग आजींनीच सगळे सांगितले. दोन वर्षांपूर्वी, सुनेच्या पहिल्या खेपेला, त्यांनी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत होणाऱ्या नातवंडासाठी लाल कुंची आणि चांदीचे वाळे घेतले होते. सून चार दिवसांनी माहेरी जायची होती. त्याआधीच, आठव्या महिन्यात, पौषातल्या कडाक्याच्या थंडीत रात्री कळा सुरू झाल्या. गाडी मिळवण्यात दोन तास गेले. वाटेत जीपमध्येच बाळ जन्मले. हाताशी कोरडे फडके नव्हते. कोणीतरी पदरात गुंडाळले, तर तो पदरही ओला झालेला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत बाळ गारठून गेले होते. दुसऱ्या दिवशी ते गेले.

"देवानं दिल्याआधीच मी बाजार केला, म्हनून देवानं हिसकून घेतलं," आजी म्हणाल्या. दोन वर्षे हे ओझे उरावर घेऊन त्या वावरत होत्या.

मी विचारले, "आजी, ती कुंची त्या रात्री कुठे होती?"

"कुठं असनार? घरी, ट्रंकंत."

वाचकहो, आजचा लेख त्या ट्रंकेत राहिलेल्या कुंचीविषयी आहे.

पावसाआधीची मशागत

आजींच्या नातवंडाला कोणाची दृष्ट लागली नव्हती आणि देवाने शिक्षाही केली नव्हती. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात चरबी कमी असते, त्यामुळे त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. पूर्ण दिवसांचे बाळसुद्धा जन्मतः ओले असते. त्याला पुसले-झाकले नाही तर पहिल्या दहा-वीस मिनिटांतच त्याच्या शरीराचे तापमान २ ते ४ अंश सेल्सिअसने उतरू शकते. गारठलेले बाळ ओढून दूध पीत नाही, त्याचा श्वास मंदावतो, रक्तातली साखर उतरते. त्या रात्री जीपमध्ये कमी पडले ते कोरडे फडके आणि आईच्या छातीची ऊब. कुंची विकत घेतली यात काही चुकले नव्हते. ती वेळेला हाताशी नव्हती, एवढेच. आणि त्यातही चूक कोणाची नव्हती, कारण असे काही होईल हे त्या घराला कोणी सांगितलेच नव्हते.

पण हे सारे आजींना शास्त्राच्या भाषेत सांगून उपयोग नव्हता. मी एवढेच विचारले, "आजी, तुमच्याकडे पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही. मग चैत्र-वैशाखात रान नांगरून, कुळवून का ठेवता? पाऊस देवाच्या हाती म्हणून रान तसेच पडू देता का?"

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तसं कसं? मशागत केल्याबिगर पान्याचा काय उपेग?"

"मग ही बाळाची मशागतच समजा," मी म्हटले.

माणदेशातला शेतकरी वैशाखाच्या उन्हात कोरडे रान नांगरतो, तेव्हा त्याच्या मनात पावसाबद्दल अहंकार नसतो. असते ती श्रद्धाच. येणाऱ्या बाळासाठी घर तयार करणे हेही तसेच आहे. दान अजून पदरात पडलेले नाही, ते देणारा तो आहे, पण ते झेलायला आपला पदर कोरडा हवा आणि पसरलेला हवा. कृतज्ञता म्हणजे बाळ सुखरूप हाती आल्यावर नारळ फोडणे एवढेच नव्हे. बाळ येण्याआधी खोली स्वच्छ करणे, फडकी धुऊन वाळवणे, गाडी सांगून ठेवणे हेही आभारच आहेत. फक्त ते हातांनी मानायचे असतात.

भीती कुठून आली?

"बाळ जन्मण्याआधी पाळणा बांधू नये, झबली आणू नयेत" हा समज अनेक घरांत अजूनही आहे. त्याला हसण्याचे कारण नाही. ज्या काळात घरोघरी चार बाळंतपणांतली दोन बाळे हातची जात, त्या काळात रिकाम्या पाळण्याकडे पाहणे आईला सोसत नसे. त्या दुःखातून हा संकेत आला असावा, असे मला वाटते.

पाचवीच्या पूजेचेही तसेच. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा पूजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा तेवत ठेवून जागरण करायचे, कारण सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते. आपल्या आजी-पणजींनी ही रात्र नेमकी पहिल्या आठवड्यातच का धरली असेल? याचे उत्तर एका आजारात असावे. नवजात बाळाचा धनुर्वात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात, बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस उठतो. दोन-तीन दिवस नीट दूध प्यायलेल्या बाळाचा जबडा एकाएकी आवळतो, त्याला ओढता येत नाही, अंग धनुष्यासारखे ताठ होते, झटके येतात. विळ्याने कापलेली नाळ आणि त्यावर लावलेले शेण, माती किंवा राख यांतून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात शिरत. लोकांना जंतू दिसत नव्हते. दिसत होता तो पाचव्या-सहाव्या दिवसानंतरचा घात. म्हणून "सटवाईचा लेख टळत नाही" असे म्हटले गेले असेल.

तो लेख टळला, ही आपल्या काळाची मोठी कमाई आहे. गर्भवतीला धनुर्वाताची लस, निर्जंतुक पात्याने नाळ कापणे आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांमुळे २०१५ साली भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य करण्यात आले. याचा अर्थ जंतू नाहीसे झाले असा नाही. जंतू मातीत आहेतच. म्हणून प्रत्येक गर्भारपणात ही लस (आता ती टीडी या नावाने मिळते) घ्यायलाच हवी. पहिल्या खेपेला चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, आणि आधीच्या दोन मात्रांनंतर तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले तर एक मात्रा पुरते.

खोलीची तयारी

जुन्या घरांत बाळंतिणीची खोली म्हणजे माजघराच्या कडेची अंधारी, दारे-खिडक्या लावलेली, शेगडीच्या धुराने भरलेली जागा असे. वारा लागू नये हा हेतू चांगला, पण उपाय घातक. कोंदट खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माय-लेकरू झोपेत असतानाच घात होऊ शकतो. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी आपल्याला सुगंधी वाटली तरी बाळाच्या इवल्याशा फुप्फुसांना तो धूरच. बाळंतिणीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी. बाळाला धुरी मुळीच देऊ नये. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल त्याने ती ओसरीवरही नको, अंगणापलीकडे.

खोली कशी असावी? ऊबदार, पण मोकळ्या हवेची. खिडकी उघडी असावी, मात्र वाऱ्याचा झोत थेट बाळावर येऊ नये. भिंतींना चुना किंवा रंग द्यायचा असेल तर तो नववा महिना लागण्याआधीच उरकावा म्हणजे वास निघून जातो. त्या कामात गर्भवतीने शिडीवर चढू नये, जुन्या रंगाचे पापुद्रे खरवडू नयेत. जमीन शेणाने सारवलेली असेल तर बाळाला खाली निजवू नये, खाट किंवा पलंग असावा. शेळ्या, कोंबड्या, वैरण यांची सोय दुसरीकडे करावी. मच्छरदाणी धुऊन ठेवावी. आणि दारातच पाण्याची बादली, तांब्या आणि साबण ठेवावा. बाळाला पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने आधी हात धुवायचे, मग तो मामा असो की सरपंच. देवघरात जाताना आपण हातपाय धुतोच. बाळापाशी जाताना तोच नेम पाळावा.

बाळाला नेहमी पाठीवर, सपाट व टणक अंथरुणावर निजवावे. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी द्यायची पद्धत आहे, तिची गरज नाही. डोके आपोआप आकार घेते. बाळाभोवती उशा, मऊ गोधड्यांचे ढीग नकोत, त्यात नाक दबते. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो. म्हणून झोळीतले बाळ नजरेआड होऊ देऊ नये.

आजींची लुगडी

मशागतीची गोष्ट पटली तरी आजी नवे काही आणायला तयार नव्हत्या. पण जाता जाता दारातून परत वळून त्या म्हणाल्या, "माझी जुनी लुगडी हाईत. ती धुऊन, फाडून ठेवली तर चालंल का? ती काय बाळाची न्हाईत. माझीच हाईत."

यापेक्षा चांगले उत्तर मलाही सुचले नसते. शंभर वेळा धुतलेल्या सुती लुगड्याइतके मऊ, घाम शोषणारे आणि बाळाच्या कातडीला न बोचणारे कापड दुसरे नाही. आपल्याकडे बाळाचे पहिले अंगडे जुन्या कापडाचेच करतात, आणि नवी झबली, टोपडी, दुपटी, कुंची नंतर बाळंतविड्यातून येतात. म्हणजे ज्या परंपरेने नवे आणू नये म्हणून सांगितले, तिनेच जुन्याची सोयही करून ठेवली आहे. ज्यांच्या मनात भीती आहे त्यांनी खुशाल हा मार्ग धरावा. मात्र कापड साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून ठेवावे. डांबराच्या गोळ्या मात्र त्यात टाकू नयेत, काही बाळांना त्या वाफेने कावीळ होते.

ही पिशवी आठव्या महिन्याच्या आत तयार हवी आणि दाराशेजारच्या खुंटीवर लटकवलेली हवी, ट्रंकेत नव्हे. तिच्यात काय असावे?

बाळासाठी सहा-सात मऊ सुती फडकी, टोपडे, पायमोजे आणि एक लहान घोंगडी किंवा शाल. आईसाठी दोन जोड कपडे, स्वच्छ घड्या किंवा पॅड, चादर. माता-बाल संरक्षण कार्ड, तपासणीचे सगळे कागद, आधार कार्ड, बँकेचे पासबुक. एक वाटी आणि चमचा, म्हणजे बाळाला ओढता आले नाही तर आईचे काढलेले दूध पाजता येते. दुधाची बाटली आणूच नये.

पिशवीबरोबरच आणखी चार गोष्टी ठरवून ठेवाव्यात. कोणत्या दवाखान्यात जायचे. कोणाच्या गाडीने जायचे आणि ती गाडी नसेल तर दुसरी कोणाची. बरोबर कोण येणार व घरच्या मुलांना कोण सांभाळणार. आणि रक्त लागले तर कोण देणार. गर्भवतीचा रक्तगट आधीच माहीत असावा. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तिथले जेवण आणि जाण्या-येण्याचे वाहन मोफत आहे. तरीही हाताशी थोडे पैसे असू द्यावेत. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते तेव्हा सगळे कागद बरोबर द्यावेत आणि माहेरच्या गावातल्या आशाताईंना आधीच कळवावे.

डोहाळजेवणाचा दिवस यासाठी फार चांगला. सगळी जवळची माणसे जमलेली असतात, मन प्रसन्न असते. ओटी भरून झाली की याच बैठकीत गाडी, पैसे, रक्तदाता ठरवून टाकावेत.

आणि आजींच्या नशिबी आले तसे वाटेतच बाळ जन्मले तर? घाबरू नका. गाडी बाजूला थांबवा. बाळाला कोरड्या फडक्याने डोक्यापासून पायापर्यंत पुसा, ते ओले फडके टाकून द्या. बाळाला आईच्या उघड्या छातीवर पालथे, मान एका बाजूला वळवून, नाक मोकळे राहील असे ठेवा. डोक्यावर टोपडे घाला आणि दोघांवर मिळून शाल पांघरा. नाळ ओढू नका, मिळेल त्या पात्याने कापू नका, रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती तशीच राहू द्या. मग गाडी चालू करा.

पहिला नैवेद्य चिकाचा

जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावावे. पहिले दोन-तीन दिवस येणारे पिवळसर घट्ट दूध म्हणजे चीक. पूर्वी तो "जड" म्हणून पिळून टाकून देत. गाय व्याली की आपण खरवस करून शेजारी वाटतो आणि आपल्या लेकराच्या वाट्याचा चीक मात्र फेकतो, हे बरे नव्हे. चिकात रोगांशी लढणारी द्रव्ये भरपूर असतात. बाळाची ती पहिली लसच.

त्याआधी किंवा त्याबरोबर मध, साखरपाणी, गुटी, गाईचे दूध काही देऊ नये. मध वर्षाच्या आतल्या बाळाला धोक्याचा आहे, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंपासून बाळाच्या स्नायूंना लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो. सोन्याचे वळे उगाळून मध चाटवायची ज्यांच्या घरची रीत आहे, त्यांनी ते सोने आईच्या हातात घालावे. रीतही राहते आणि बाळही सुरक्षित राहते. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही.

पहिली अंघोळ किमान चोवीस तासांनंतर. बाळ लहानखुरे, अडीच किलोच्या आतले असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच. नाळेला हळद, तेल, राख, काही लावू नये, ती कोरडी आणि उघडी राहू द्यावी. डोळ्यांत काजळ घालू नये, त्यात शिसे असू शकते आणि बोटाने जंतू जातात. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावावी. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी या लशी जन्मतःच, दवाखाना सोडण्याआधी घ्याव्यात. हिपॅटायटिसची लस चोवीस तासांच्या आत.

पाचवीचे जागरण असे करावे

पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाळे पहिल्या आठवड्यातच जातात. म्हणून पाचवीचे जागरण मला आवडते. फक्त ते डोळे उघडे ठेवून, बाळाकडे पाहत करावे. मुसलमान कुटुंबात बाळाच्या कानात अजान देतात, सातव्या दिवशी अकीका करतात. ख्रिस्ती घरांत प्रार्थना होते, बौद्ध घरांत त्रिसरण-पंचशील. रीत कोणतीही असो, जमलेल्या मोठ्या माणसांपैकी एकाने तरी पुढील गोष्टी पाहाव्यात.

बाळ नीट ओढून पिते का? आधी पीत होते आणि आता पीत नाही, हे सर्वांत मोठे धोक्याचे लक्षण. शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, कण्हणे. अंग तापणे, किंवा पोट आणि तळपाय दोन्ही गार लागणे. झटके. अंग सैल पडणे, हलवूनही जागे न होणे. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे होणे. नाळेतून पू किंवा भोवती लाली. यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. बाळाला छातीशी धरून तडक रुग्णालय गाठावे. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण गाडीत बसल्यावर.

साध्या गावातल्या साध्या बाया हे करू शकतात, हे आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. श्वास मोजणे, ऊब देणे, दूध पाजायला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू, तशी सोय नसलेल्या शेजारच्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. आज देशभर आशाताई घरी येतात त्यामागे हे काम आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर त्यांच्या सहा भेटी असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीचीही एक. सोवळ्यासाठी किंवा विटाळासाठी त्यांना दारात थांबवू नका.

आभाराची सक्ती नको

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. बाळ सुखरूप झाले, घरदार आनंदात आहे आणि बाळंतीण मात्र रडते आहे, असे पुष्कळदा घडते. मग तिला ऐकवले जाते, "देवानं एवढं दिलं, तरी तुझं तोंड वाकडंच?" भगिनींनो, बाळंतपणानंतर शरीरातल्या संप्रेरकांत मोठी उलथापालथ होते, झोप मोडते, अंग दुखते. पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे. ही कृतघ्नता नव्हे. पण हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, बाळाकडे पाहावेसेच वाटेना, जीव नकोसा झाला, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. डॉक्टरांना सांगावे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांकही २०२२ पासून आहे. जीव द्यावासा वाटला किंवा भलतेच भास होऊ लागले तर मात्र एक दिवसही थांबू नये, आणि तिला एकटे सोडू नये.

आणि ज्या आईचे आधीचे बाळ गेले आहे, तिला दुसऱ्या खेपेला आनंदाबरोबर भीतीही वाटणारच. "आता जुनं विसर" म्हणू नये. त्या गेलेल्या बाळाविषयी तिला बोलू द्यावे. नवऱ्याने शेजारी बसून ऐकावे. तेही घराच्या तयारीतच मोडते.

कुंची ट्रंकेबाहेर आली

आजींच्या सुनेला पूर्ण दिवस भरून, तालुक्याच्या गावी मुलगी झाली. वजन दोन किलो सातशे. मला कळले ते आजींच्या तोंडूनच. बाराव्या दिवशी आमच्या दवाखान्यात पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. कंपाउंडर म्हणाला, "आजी, मुलगी झाली की बर्फी वाटतात." आजी म्हणाल्या, "आमाला पेढंच झाल्यात बाबा."

मग त्यांनी पाचवीची हकीकत सांगितली. पाटा-वरवंटा पुजला, दिवा लावला, कोरा कागद ठेवला. कागदाच्या शेजारी आशाताईंनी तिसऱ्या दिवशी बाळाचे वजन लिहून दिलेले कार्डही ठेवले. रात्रभर आलटून पालटून बाळाचे तळपाय हाताने पाहिले, गार तर नाहीत ना म्हणून. पहाटे सुनेने कधी नव्हे ते पहिल्या बाळाची आठवण काढली. दोघी थोडा वेळ रडल्या. आणि मग आजींनी उठून ट्रंक उघडली आणि ती लाल कुंची बाहेर काढली.

"तीन साल ट्रंकंत व्हती," त्या म्हणाल्या. "आधी उनात टाकली, धुतली, मंगच घातली. तुमी सांगितल्यावानी."

आपल्या घरी पाळणा हलायचा असेल, तर देवाला हात जोडाच. पण त्याआधी दाराच्या खुंटीवर पिशवी लटकली आहे ना, आणि भिंतीवर १०२ चा आकडा लिहिला आहे ना, एवढे एकदा उठून पाहून या.